पत्ते पिसण्याचा मान

१३ सप्टेंबर, शनिवार. १९.४०
बैठक १९.१० ला सुटली. डिटेन्शन, म्हणजे खोळंबा, दहा मिनिटं. कारण : धर्मेंद्रला तिसरा चहा.

बत्तीस वर्षं मालगाडीचा गार्ड होतो, त्यामुळे वेळ लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. मी रिटायर झालो आणि मागोमाग रेल्वेने गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं. माझ्या कामाची दखल घेतली, फक्त जरा उशिरा घेतली.

काही गोष्टी एकदा कागदावर असाव्यात. दर शनिवारी १७.०० ला आमच्या रेलटोलीच्या घरी, ओसरीत, दहला पकड. सहा वर्षं झाली. मी आणि बकाराम पार्टनर, समोर दुधराम आणि धर्मेंद्र. बकारामची बिरसीला धानाची शेती. दुधराम राईस मिलमध्ये वजनकाट्यावर. धर्मेंद्र ऑटो चालवतो. चार दहल्यांपैकी, म्हणजे दश्श्यांपैकी, जास्त पकडेल ती बाजू जिंकली, चारही पकडले तर समोरच्यावर कोट. हरलेल्या बाजूने पत्ते पिसायचे.

पत्ते मी पिसतो. त्याचा हरण्याशी संबंध नाही. माझा हात बसलेला आहे. धर्मेंद्र स्वतः म्हणतो, "साहेब, आपके हाथ की फेंटाई म्हणजे मख्खन!" एका बैठकीत मला वीस-वीस वेळा पिसायला लावतात. एवढा मान आजकाल कोण कोणाला देतो?

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळ
शांतपणे विचार केला. आम्ही म्हणावं तेवढं जिंकत नाही. कारण सापडलं : बकाराम.

माणूस सोन्यासारखा. पण खेळताना बडबड फार. त्यात बिरसीला विमान चालवायला शिकवतात, आणि ती विमानं याच्या शेतावरून घिरट्या घालतात. मग कोणत्या शिकाऊ पायलटने किती वेळा टेकवून परत उचललं, याचा हप्त्याभराचा रिपोर्ट. दुधराम आणि धर्मेंद्र पोट धरून हसतात. मीही हसतो, पण आतून मोजत असतो.

संकल्प : बैठकीला शिस्त लावणे.

२० सप्टेंबर, शनिवार. १९.३०
नियमावली वाचून दाखवली. १) १७.०० ला शिट्टी होईल, तेव्हा सर्वांनी जागेवर असावे. २) डाव सुरू असताना विमान, धान, सासुरवाडी हे विषय बंद. ३) चिवडा फक्त इंटरव्हलमध्ये, तेलकट हाताने पत्त्याला हात लावू नये. ४) हसणे : डाव संपल्यावर.

दुधरामने विचारलं, की डावाच्या मधात हसू आलं त काय करायचं जी? मी म्हणालो, आवरायचं. गार्डच्या डब्यात मला काय हसू येत नव्हतं?

खरं तर येत नव्हतं. डोंगरगड ते नागपूर शेवटच्या डब्यात एकटाच असायचो. कोणाकडे बघून हसणार?

व्हॉट्सॲप ग्रुपचं नावही बदललं. आधी 'शनिवारचे टवाळ' होतं, आता 'शनिवार कार्ड क्लब (ऑफिशियल)'. अॅडमिन मी.

२७ सप्टेंबर, शनिवार. १९.१५
शिस्तीचा परिणाम लगेच दिसला. कोणी एक शब्द बोललं नाही. दोन तासांची बैठक सव्वा तासात आटोपली. डिटेन्शन शून्य.

हरलो. पण शांततेत हरलो. बकाराम जाताना म्हणाला, "साहेब, आज मयतीत बसल्यासारखं लागून राहिलं." दाद देण्याची त्याची ती पद्धत आहे.

माझी बायको प्रेमिला भरलेला चिवड्याचा डबा परत आत घेऊन गेली. तिलाही शिस्त आवडलेली दिसते.

४ ऑक्टोबर, शनिवार. २०.००
मोठी बातमी. दिवाळीनंतर नागऱ्याला मंडई, म्हणजे जत्रा, भरते, तिथे यंदा दहला पकडची स्पर्धा आहे. ९ नोव्हेंबर, रविवार. जोडीने खेळायचं. पहिलं बक्षीस दोन प्रेशर कुकर, पाच लिटरचे. बातमी धर्मेंद्रने आणली, तो स्वतः उतरत नाही म्हणाला. आमची धास्ती घेतली असावी.

मी तिथल्या तिथे बकारामचं आणि माझं नाव दिलं. बकाराम म्हणाला, "मंडईत नाटक पाहाचं, पानं खायाची, कायले डोकं तापवता जी?" मी म्हणालो, सहा वर्षं आपण सराव केला तो कशासाठी?

त्याने खरंच आश्चर्याने विचारलं, "आपन सराव करत होतो?"

प्रेमिलाला विचारलं, कुकर कुठे ठेवायचे. ती म्हणाली, आधी येऊ त द्या.

१२ ऑक्टोबर, रविवार. ११.००
रात्रभर विचार करून संवाद व्यवस्था तयार केली. आयुष्यभर गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना न पाहता गाडी चालवतात ती कशावर? संकेतांवर. लाल-हिरव्या झेंडीवर, शिट्टीवर. मग दोन पार्टनरांत संकेत का नसावा? याला कोणी लबाडी म्हणेल. हे कम्युनिकेशन आहे.

तक्ता : एकदा खाकरणे – इस्पिक टाक. दोनदा – बदाम. तीनदा – किलवर. चारदा – चौकट.

बिरसीला जाऊन बकारामला समजावलं. तो बांधावर उभा राहून धान पाहत होता. पूर्ण ऐकून म्हणाला, "आन खरोखरच खोकला आला त?" मी म्हणालो, दाबायचा. वरून विमान गेलं. तो वर पाहू लागला. पाठांतर अर्धवट राहिलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. १९.५०
संवाद व्यवस्थेची चाचणी यशस्वी.

गुप्तता शंभर टक्के. दुधरामने फक्त विचारलं, साहेब, ताप-गिप आहे काय? धर्मेंद्रने ऑटोतून खोकल्याची बाटली आणून दिली. प्रेमिलाने चहात आलं वाढवलं. कोणाला काही कळलं नाही.

एकदा मी चारदा खाकरलो, आणि बकारामने पान टाकायच्या आधीच धर्मेंद्र म्हणाला, "चौकट येते वाटते." योगायोग.

बकाराम एकदाही खाकरला नाही. विचारलं त म्हणाला, "मले लाज वाटते जी, सामने आपलेच मानसं." त्याला सांगितलं, स्पर्धेत आपली माणसं नसतील, तिथे बिनधास्त खाकर. नाइलाजाने हो म्हणाला.

हरलो. चाचणीत निकाल पाहायचा नसतो.

२ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी, भाऊबीज आणि धानकापणी यात दोन शनिवार गेले. फोनवर सराव घेतला. मी चारदा खाकरलो. बकाराम म्हणाला, साहेब, आवाज कटून राहिला. नेटवर्कची चूक. बाकी तयारी पूर्ण.

शोकेसमधली जुनी फुलदाणी काढून कुकरसाठी जागा केली. दुसरा कुकर बकारामचा, पण त्याच्याकडे शोकेस नाही. दोन्ही आपल्याकडेच ठेवू म्हणावं लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार. १३.१५
लिहावंसं वाटत नाही. पण गार्डने अपघाताचा रिपोर्ट त्याच दिवशी द्यायचा असतो.

बकाराम मला घ्यायला आला तोच डोळे लाल, केसांत तणस, धानाचा पेंढा. कालपासून धानाची मळणी सुरू आहे म्हणे. मी त्याच्याच स्कूटीवर मागे बसून नागऱ्याला गेलो. मंदिरापलीकडे मंडप होता, चाळीसेक माणसं. समोरची जोडी जमुनाबाई आणि त्यांची जाऊ रुख्माबाई, दोघीही सत्तरीच्या. मला वाईट वाटलं. मनात म्हटलं, म्हाताऱ्यांवर पहिल्याच डावात कोट चढवायचा नाही.

१०.४० ला पानं वाटली. माझ्याकडे चौकटीचा दहला आणि किलवरचा दहला. आणि बकाराम खाकरला.

एकदा नाही. अकरा वेळा.

तक्त्यात अकरा नाही. मी डोकं शांत ठेवलं. चार अधिक चार अधिक तीन. म्हणजे चौकट, चौकट, किलवर. मी चौकट टाकली. मग परत चौकट, दहला. मग किलवर, दहला. जमुनाबाईंनी दोन्ही दहले निवडलेल्या भाजीसारखे बाजूला ठेवले. बकाराम पुन्हा खोकला, सात वेळा. चार अधिक तीन. उरलेलं सगळं तेवढ्यात गेलं. कोट.

दुसऱ्या डावात त्याने खोकला दाबला. चेहरा जांभळा झाला, डोळ्यांतून पाणी आलं आणि हातातली पानं सतरंजीवर सांडली. रुख्माबाईंनी त्याला पाणी पाजलं आणि मग दुसरा कोट चढवला. १०.५८ ला आम्ही बाहेर. पाणी पाजण्याचा वेळ धरून अठरा मिनिटं.

मला राग आला. चाळीस लोकांसमोर मी त्याला म्हणालो, की सहा वर्षं गाडी मी एकट्याने ओढली आणि तू मागे ब्रेक लावून बसलास. तुझ्यामुळे हरतो आपण.

त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. म्हणाला, "मळनी चालू आहे जी. घशात धूळ गेली." स्कूटीला किक मारून गेला.

परत ऑटोने आलो.

१० नोव्हेंबर, सोमवार. ०९.००
भावना बाजूला ठेवून निर्णय घ्यावे लागतात. ग्रुपवर सूचना टाकली : 'परफॉर्मन्स रिव्ह्यूनंतर श्री. बकाराम यांना पार्टनर पदावरून मुक्त करण्यात येत आहे. शनिवारी नवीन जोड्या पाडल्या जातील. वेळ १७.००. शिट्टी होईल.'

चौघांच्या ग्रुपवर तीन निळ्या खुणा. उत्तर नाही. निर्णय मान्य झाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार. १८.३०
१७.०० ला शिट्टी दिली. समोरच्या घरातलं कुत्रं आलं.

दुधरामचा फोन, मिलचा सीझन चालू होऊन राहिला, ट्रकांची लाइन आहे. धर्मेंद्रचा मेसेज, सवारी आहे. बकारामचं काही नाही, त्याचं येण्याचं कारणही नाही. सगळी कारणं खरी वाटली. शनिवारी आराम मिळाला हे चांगलंच झालं.

चहा चार कप केला होता प्रेमिलाने. मी दोन प्यायलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार. १८.००
आजही ट्रक आणि सवारी. बिचारे फार कामात आहेत.

प्रेमिलाने महिला मंडळ सुरू केलंय, दर शनिवारी ४ ते ७. चांगलं आहे, बाईमाणसालाही विरंगुळा हवा. धर्मेंद्रचा ऑटो नेमका त्याच बाजूला जातो म्हणून तिला घ्यायला आला होता. मला पाहून त्याने हॉर्न उगाचच दोनदा वाजवला. शनिवारचाही धंदा करतो, मेहनती माणूस.

मी एकट्याचा डाव लावला. एकट्याने खेळण्यात खरं कौशल्य असतं. कोणाची बडबड नाही, चिवड्याचे हात नाहीत. तीनदा लावला. तिन्हीदा अडला.

ग्रुपवर बारा दिवसांत एक मेसेज नाही. इतकी शिस्त मलाही अपेक्षित नव्हती.

२९ नोव्हेंबर, शनिवार. १९.४५
प्रेमिला मंडळातून हसतच आली. साडीला तणस चिकटलेलं. मंडळाच्या सतरंजीखाली तणस घालत असतील, गार लागू नये म्हणून. कोणती भजनं झाली विचारलं, तर आधी गोंधळली आणि मग म्हणाली, सगळी झाली.

मी पत्ते लावून बसलो होतो. ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, काळी नव्वी तिकडे सरकवा. सरकवली. अडलेला डाव सुटला. बायकांचा कधी कधी अंदाज लागतो.

जेवताना तिने सांगितलं, आज एका शिकाऊ पायलटने पाचदा टेकवलं आणि पाचदा उचललं. महिला मंडळात विमानाच्या गप्पा होतात, हे मला माहीत नव्हतं.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. ओसरीत १७.०० ला बसवत नाही. बकाराम बसायचा ती जागा भिंतीला डोकं टेकून टेकून तेलकट झाली आहे. आज ती पुसायला फडकं घेतलं. पुसली नाही.

६ डिसेंबर, शनिवार. १९.३०
बकारामने नवा तांदूळ पाठवला. दरवर्षी पाठवतो. प्रेमिला घेऊन आली. मंडळात कोणीतरी बिरसीचं भेटलं असेल.

पिशवीबरोबर चिठ्ठी नाही. मी पिशवी दोनदा झटकून पाहिली. तरी अर्थ स्पष्ट आहे, हा माफीनामा आहे. माणूस शेवटी नमला.

संकल्प : पुढच्या शनिवारी स्वतः बिरसीला जाऊन माफी स्वीकारणे. मोठेपणा आपल्याकडे असावा. अटी : नियमावलीवर सही, आणि खोकला बंद.

भात केला होता त्याच तांदळाचा. अर्धा ताटात ठेवून उठलो. तांदूळ नवा, त्यामुळे असेल.

१३ डिसेंबर, शनिवार. २०.१५
क्रमाने लिहितो.

१६.३० ची बस घेतली. खिशात नियमावली. बकारामच्या घरी त्याची बायको दुर्पता होती. म्हणाली, "खळ्यावर आहेत सगडे." सगळे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. तणसाचा मोठा ढीग होता, त्याच्यामागे उभा राहिलो. लपायला नाही. दम खायला.

पलीकडे ताडपत्रीवर बैठक बसली होती. बकाराम, समोर त्याचा पार्टनर. दुसऱ्या बाजूला दुधराम, ज्याच्या मिलबाहेर ट्रकांची लाइन होती, आणि धर्मेंद्र, ज्याची सवारी होती.

सवारी म्हणजे प्रेमिला. तीच बकारामची पार्टनर.

चिवडा मधोमध. डाव चालू असतानाच दुधराम सासुरवाडीचं सांगत होता. विमान आलं तशी चौघांनी पानं उलटी ठेवली, वर पाहिलं, बकाराम ओरडला, "उतरला, उतरला... उचलला बे!" आणि सगळे हसले. मग प्रेमिलाने शांतपणे दुधरामचा दहला कापला. चौथा होता. कोट. धर्मेंद्रने कपाळावर हात मारला. "भाभी, लगातार चौथा शनिवार! कुछ तो रहम करो."

दुधरामने पत्ते गोळा केले आणि पिसायला घेतले. हरलेल्याने पिसायचं. बकाराम तोच, खेळ तोच, आणि बकाराम जिंकत होता. मी मनात त्याचं कारण शोधलं. हवा, जागा, उजेड. एकही कारण पुरलं नाही. बदललं होतं ते एकच माणूस.

मला तिथून निघून जायचं होतं. पण तणसाची धूळ. एकदा खोकला आला तेव्हा मी दाबला. नाक धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. मग आलाच. चार वेळा.

धर्मेंद्र मान न वळवता म्हणाला, "चौकट."

चौघंही एवढे हसले की दुधरामच्या हातातले पत्ते सांडले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

बकाराम उठून ढिगामागे आला. मला वाटलं, आता बोलणार. चाळीस लोकांसमोर मी बोललो होतो, इथे तर तिघंच होते. तो म्हणाला, "या न जी गार्डसाहेब. कायले लपून राहिले? पानी पाहिजे काय?" आणि पाणी आणून दिलं.

माफी कशी स्वीकारायची, ते वाक्य बसमध्ये पाठ करून आलो होतो. ते आठवलं नाही. मी म्हणालो, बकाराम, धूळ खरंच घशात जाते रे.

तो म्हणाला, "मंग!"

घरी येताना ऑटोत प्रेमिलाला विचारलं, तुला खेळता कुठून येतं? ती म्हणाली, "सहा वर्षं तुमच्या मागं चहा धरून उभी राहिली मी. तुमच्या हातात दहला आला की तुमी चहा फुंकता, थंडा असला तरी. सगड्यायले माहीत आहे." मी विचारलं, मग कोणी सांगितलं का नाही? धर्मेंद्र समोरून म्हणाला, "साहेब, आप इतने खुश रहते थे."

२० डिसेंबर, शनिवार. १९.५०
बिरसी, खळं. १७.०० ला पोचलो. शिट्टी घरी ठेवली. नियमावलीच्या कागदावर चिवडा होता. 'शनिवारचे टवाळ' नाव परत दिलं, आणि कळलं की त्या नावाचा दुसरा ग्रुप ऑक्टोबरपासून सुरू आहे. मला त्यात घेतलं. अॅडमिन प्रेमिला.

आम्ही पाच, खेळ चौघांचा. मी बकारामला आपली जोडी परत लावण्याबद्दल विचारलं. त्याने जमिनीकडे पाहिलं, विमान नसताना वर पाहिलं, आणि म्हणाला, वहिनीला विचारा. वहिनी म्हणाली, वेटिंगला ठेवू. पहिला नंबर माझा. कन्फर्म होणं कठीण दिसतं.

हरलेल्याने पिसायचं असतं, हे मला सहा वर्षं माहीत होतं.

तोवर पिसण्याचं काम माझ्याकडे दिलं आहे. आज एकवीस वेळा पिसले. एक तास पंचावन्न मिनिटं हसलो. डिटेन्शन मोजलं नाही.